आईच्या दुरड्यांवरचं कार्ड

माझी आई बुरूडकाम करायची, ही गोष्ट मी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत एकोणीस वर्षं कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलंच तर, "माहेर नांदगावचं, वडिलांचा छोटा धंदा होता," एवढं बोलून मी विषय बदलायचे. धंदा कसला, असं कुणी पुढे विचारलं असतं तर 'लाकडाचा' असं सांगायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तशी वेळ कधी आली नाही. पण उत्तर तयार होतं, आणि आता रिटायर होऊन घरी बसल्यावर त्या तयारीचीच जास्त लाज वाटते.

नांदगावला आमचं घर म्हणजे दीड खोली आणि पुढे लांबलचक ओटा. सगळा कारभार ओट्यावर. बांबू पेठ तालुक्यातून ओला यायचा. वडील त्याच्या टोकावर कोयता ठेवून एक घाव घालायचे आणि मग कोयता नुसता दाबत न्यायचे. बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत तडतडत फाटत जायचा. पुढचं काम आईचं. कामटीचं, म्हणजे फाडलेल्या बांबूच्या पट्टीचं, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून ती सुरीनं आतला पांढरा गाभा खरवडून काढायची. मापाला पट्टी नव्हती. दोन बोटांतून कामटी ओढली की तिला कळायचं, ही सुपाची, ही दुरडीची, ही मार्केटच्या पाटीची. उभ्या कामट्या एकमेकींवर चांदणीसारख्या मांडायच्या, त्यावर पाय देऊन बसायचं आणि आडवी कामटी एकीखालून एकीवरून घेत गोल गोल फिरायचं. बूड झालं की कामट्या वर वळवायच्या, म्हणजे भिंत उभी राहते. मी हे हजार वेळा बघितलं असेल.

कांद्याच्या हंगामात मार्केटमधले हमाल पाट्यांसाठी दारात उभे असायचे. लग्नसराईत दुरड्या लागायच्या. बाळाच्या पाचवीला नवं सूप लागायचं. आणि कुणी वारलं तरी माणसं आमच्याकडेच यायची. येणारा माणूस ओट्याच्या पायरीखाली उभा राहायचा, काही बोलायचा नाही. वडील त्याचं तोंड बघून उठायचे आणि तिरडीसाठी दोन सरळ बांबू काढून द्यायचे. त्या गिऱ्हाइकाला कधी भाव सांगितलेला मी ऐकला नाही.

सहावीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीनं एक दिवस तिचा डबा उचलून पलीकडे ठेवला. म्हणाली, "तुमच्या घरात मढ्याचे बांबू असतात ना?" मी म्हटलं, "नाही." तेव्हापासून मी शाळेतून येताना मागच्या गल्लीनं यायला लागले, म्हणजे ओट्यावर चढताना कुणाला दिसायला नको. आईनं एकदा विचारलं, "इकडून का येते गं?" मी म्हटलं, "जवळ पडतं." ते जवळ पडत नव्हतं, हे तिला माहीत असणारच.

पुढे प्लास्टिकच्या क्रेट आल्या, पत्र्याची घमेली आली, आणि मार्केटचं काम हळूहळू थांबलं. मला नाशकात एका ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली. लग्न झालं. नवरा अंबडच्या एका कंपनीत होता. तो आमच्यातलाच, पण आडनावावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. इंदिरानगरला फ्लॅट घेतला तेव्हा दारावरच्या पाटीकडे बघून मला बरं वाटलं होतं. वडील गेले. शेजारीच मामा-मामी राहत असल्यामुळे आई काही वर्षं तिथेच राहिली. मग एकदा ओट्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला आणि मी तिला इकडे घेऊन आले. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती.

फ्लॅटमध्ये तिला काही काम नव्हतं. ती गॅलरीत बसायची. रद्दीतला पेपर घेऊन त्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या फाडायची, त्यांची चटई विणायची, पूर्ण झाली की उसवायची आणि पुन्हा विणायची. मला वाटायचं, बरं आहे, वेळ जातोय.

एका रविवारी समोरच्या इमारतीची परांची उतरत होती. आई खाली गेली, तिथल्या वॉचमनला विचारून एक बांबू ओढत घेऊन आली, आणि गावाहून लुगड्यात गुंडाळून आणलेला कोयता काढून आमच्या पार्किंगमध्ये बसली. बांबू वाळका होता, नीट फाटत नव्हता. आवाज मात्र चौथ्या मजल्यापर्यंत जात होता. सेक्रेटरींचा फोन आला. मी खाली गेले तर चार-पाच बायका उभ्या होत्या आणि मध्ये माझी आई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पायाच्या अंगठ्यात कामटी धरून.

मला बघून ती हसली. म्हणाली, "लय वाळका हाय गं. याच्यात पानीच नाय."

मी म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस? चल वर." आणि मग त्या बायकांकडे वळून, आवाज बारीक करून म्हटलं, "हल्ली तिला जरा विसरायला होतं. गावाकडे आहोत असंच वाटतं तिला."

बायकांनी "हो का, असू दे," अशा माना हलवल्या. आईनं कामटी खाली ठेवली. मी काय बोलले ते तिनं ऐकलं होतं. उठताना तिनं माझा हात धरला नाही, गाडीच्या बॉनेटचा आधार घेतला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम आमच्याकडे आल्या. त्या चित्रकलेचे, हस्तकलेचे क्लास घ्यायच्या, प्रदर्शनं भरवायच्या. माझ्याकडे बघितलं न बघितलं करून त्या थेट आईसमोर जमिनीवर बसल्या. "काकू, काल तुम्ही जे करत होतात ते मला शिकवाल?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "वल्ला बांबू लागंल."

मॅडमनी ओला बांबू आणवला. दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास सुरू झाला. सहा बायका यायच्या. मी ऑफिसला असायचे, पण संध्याकाळी आई सगळं सांगायची. कुणाची बोटं मऊ, कुणाला घाई फार, कोण कामटी मेथी निवडल्यासारखी धरते. एक शनिवार सुट्टी होती म्हणून मी हॉलच्या दारातून बघितलं. आई मध्ये बसली होती आणि एका डॉक्टरीणबाईंना ओरडत होती, "अवो बाई, ती सुई नाय, कामटी हाय. दाबा की जरा! तिला काय व्हत नाय." सगळ्या हसत होत्या. आई पण. नांदगाव सोडल्यापासून तिला एवढं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी आत गेले नाही. मला कुणी विचारलं की मी सांगायचे, "तिला हौस आहे. गावाकडे कुणाकडून तरी शिकली."

चार-पाच महिन्यांनी मॅडमनी गंगापूर रोडवर एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं. आईनं त्यासाठी अकरा दुरड्या आणि तीन सुपं विणली. मॅडमनी तिला त्याचे पैसे आधीच, चोख दिले होते. तो प्रश्न कधी नव्हता. लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं. "दुरड्यांबरोबर एक छोटं कार्ड ठेवायचंय. काकूंचं नाव, गाव, किती पिढ्यांचं काम आहे, दोन ओळी द्या ना."

मी लगेच म्हटलं, "नाव नको. आमच्या नातेवाइकांना असलं काही आवडत नाही. फोटोही नको."

"अहो, पण त्यांचं काम आहे. लोक विचारतील."

"नको खरंच."

"मग लिहू काय?"

"लिहा काहीही," मी म्हटलं. तेवढ्यात त्यांचा मजला आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आणखी दोनदा फोन करून विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

प्रदर्शनाला आई तिचं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली. पांढऱ्या कापडावर दुरड्या मांडल्या होत्या, वरून दिव्याचा उजेड सोडला होता. आईला तो उजेड बघूनच नवल वाटलं. तिनं एक दुरडी उचलली, काठावरून अंगठा फिरवला, परत ठेवली. मग शेजारचं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "काय लिवलंय गं?"

मी वाचलं. लिहिलं होतं: 'सुरगाण्याच्या डोंगरातील आदिवासी भगिनींनी विणलेली दुरडी. निसर्गाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला.'

मी म्हटलं, "तुझं नाव लिहिलंय."

"आन् गाव?"

"नांदगाव. तीन पिढ्यांचं बुरूडकाम, असं लिहिलंय."

"तुझ्या बापाचं?"

"त्यांचंही नाव आहे. त्यांच्याकडून शिकलीस म्हणून."

आईचे डोळे भरले. पदरानं तिनं ते टिपले आणि मॅडमना हातानं खूण करून विचारलं, कार्ड घेऊ का? मॅडम दुसऱ्या कुणाशी बोलत होत्या. "घ्या ना काकू," म्हणाल्या. आईनं ते कार्ड पिशवीत, चष्म्याच्या घरात ठेवलं. मी बघत उभी राहिले. ते मागून घ्यायला मला काहीतरी कारण हवं होतं आणि ते सुचलं नाही.

घरी आल्यावर तिनं ते देवांच्या फोटोंजवळ ठेवलं. रोज दिवा लावताना ती ते सरळ करायची. ते तिथून उचलून टाकावं, हरवलं म्हणून सांगावं, असं माझ्या मनात अनेकदा आलं. मग वाटायचं, राहू दे, तिला कुठे वाचता येतंय.

दोन महिन्यांनी मामाच्या घरी लग्न निघालं. माझ्या ऑफिसात ऑडिट होतं. नवऱ्यानं आईला नांदगावच्या एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देवांजवळ कार्ड नव्हतं. ती ते घेऊन गेली होती. मामाच्या मोठ्या मुलाची बायको बारावी झालेली आहे, हे मला माहीत होतं.

तिथे काय झालं ते मामीनं मला फोनवर सांगितलं. हळदीच्या दिवशी दुपारी सगळ्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. आईनं चष्म्याचं घर उघडलं, कार्ड काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. "वाच, सगळ्यांना आयकू दे." सुनेनं वाचलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनेला वाटलं आपण चुकीचं वाचलं, म्हणून तिनं परत वाचलं, आणखी मोठ्यानं. मग मामी म्हणाली, "वन्सं, दुसऱ्या कुनाचं कार्ड आलं वाटतं तुमच्याकडं."

आई म्हणाली, "हां. माझ्याच हातून चुकून आलं."

लग्न होईपर्यंत ती थांबली. वऱ्हाडात जेवली, आहेर घेतला, आणि परत आली. मी चहा केला. तिनं कप हातात घेतला आणि विचारलं, "तू वाचलं व्हतं ना?"

"हो."

"मंग?"

मी म्हटलं, "त्या मॅडमनी चुकीचं लिहिलं, आई. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

खरं बोलायची तेवढी एक वेळ आली होती आणि त्या वेळीही मी दुसऱ्या बाईचं नाव पुढे केलं.

आईनं शनिवारी हॉलमध्ये जाणं बंद केलं. दोन शनिवार गेले, मग मॅडम वर आल्या. मी दारातच उभी होते. आई आत गॅलरीत होती. मॅडमनी विचारलं, "काकू का येत नाहीत? माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "तुम्ही कार्डावर जे लिहिलंत त्याचं तिला वाईट वाटलंय."

त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला तीनदा विचारलं. नाव नको, गाव नको, लिहा काहीही, असं तुम्ही म्हणालात." आणि मग वळता वळता, "आणि खरं सांगू? आदिवासी लिहिलं की लोक थांबून बघतात. बुरूड लिहिलं तर कोण थांबतं?"

मला त्यांचा राग आला. खूप राग आला. पण बोलायला तोंड नव्हतं. त्या खाली गेल्या. मी दार लावून वळले तर आई गॅलरीच्या दारात उभी होती. सगळं तिच्या कानांवर गेलं होतं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. आत जाऊन तिनं तिची पिशवी भरायला घेतली. लुगडी, चष्मा, कोयता. मी मागे उभी राहून, "आई, ऐक ना," एवढंच म्हणत होते.

ती म्हणाली, "त्या दिशी खाली गाड्यांपाशी तू बायांना म्हनलीस, आई इसरती. मी काय बी इसरले नाय बाय. मला आपलं नांदगावला सोड."

पिशवीची गाठ मारताना तिनं आणखी एक विचारलं. "त्या सुरगान्याच्या बाया. त्यांना तरी ठाव हाय का, कुनी त्यांच्या नावानं इनलंय ते? त्यांचं काम बघाया कोन जानार आता?"

सोमवारी रजा टाकून मी तिला सोडून आले. वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मनमाडला मी चिवडा घेतला, तो तिनं खाल्ला, पुडा घडी करून माझ्या हातात दिला. रागावलेलं माणूस खात तरी नाही.

पुढच्या वर्षी मी रिटायर झाले. आठ मार्चला सोसायटीत बायकांचा कार्यक्रम असतो, प्रत्येकीनं आपल्या आईबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मी उठले. मी सांगितलं, माझी आई बुरूड, आम्ही बुरूड, तिनं आयुष्यभर टोपल्या विणल्या, आणि मी हे तुमच्यापासून लपवलं.

टाळ्या वाजल्या. खाली बसले तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "अहो, आम्हाला माहीत होतं की."

"कधीपासून?"

"तुमच्या आईंनीच सांगितलं. आल्या त्याच आठवड्यात. खाली बाकावर बसून सगळं सांगितलं त्यांनी, नांदगावचं, तुमच्या वडिलांचं. तुम्हाला आवडत नसावं म्हणून आम्ही कधी विषय काढला नाही."

म्हणजे पार्किंगमध्ये मी जेव्हा त्यांना म्हटलं की हिला विसरायला होतं, तेव्हा समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं होतं, मी नाव नको म्हणताना, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मी समारंभाचं आइस्क्रीम संपवलं आणि घरी आले.

आता मी महिन्यातून एकदा नांदगावला जाते. आई मामाच्या ओट्यावर बसते. एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, ती बोटांनीच विणते. तिला विचारलं तर ती सगळं सांगते, हसते पण, तब्येत विचारते, जावई कसे आहेत विचारते. मामीला हाक मारून मला चहा करायला सांगते आणि बशीतून बिस्किटं देते. बाहेरून आलेल्या माणसाला द्यावीत तशी. कार्यक्रमात मी काय बोलले ते मी तिला एकदा सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली, आणि मामीला विचारलं की नळाला पाणी आलं का.

गेल्या खेपेला मी तिच्याजवळ बसले आणि एक कामटी उचलली. सुरी घेतली, अंगठ्यात टोक धरलं, जसं ती धरते तसं. दोन ओढीतच सुरी तिरकी गेली आणि कामटी मधोमध चिरली. आईला आवाजावरूनच कळलं. तिनं हात पुढे करून सुरी माझ्याकडून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे. हात कापंल."

"शिकव ना मला."

"आता?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती खरोखरच विचारत होती. मग चिरलेली कामटी तिनं चुलीसाठी बाजूला टाकली आणि नवी घेतली.

साडेचारच्या एसटीनं मी परत निघाले. मामी स्टँडपर्यंत आली. आई ओट्यावरून उठली नाही, तिच्या पुढ्यात दुरडी अर्धी झाली होती आणि पायाखालचं बूड सोडलं असतं तर कामट्या उसकटल्या असत्या.